पहिली कॅनोपी वाईट दिवसाच्या मापानं घ्या

अर्जुनी मोरगाव तालुक्यात विमानातून उडी मारायची सोय नाही. तरी इथल्या मुलांना आकाश परकं नाही. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आहे आणि तिची छोटी विमानं जिल्ह्याच्या आभाळात घिरट्या घालताना दिसतात. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी मारली. हे नाव, ही छायाचित्रं खेड्यापाड्यांतल्या मोबाइलवर पोहोचली आहेत. झाडीपट्टीतली एखादी मुलगी किंवा मुलगा हरियाणातल्या नारनौलला, थायलंडला किंवा स्पेनला जाऊन स्कायडायव्हिंग शिकतो, पहिल्या परवान्याला लागणाऱ्या पंचवीस उड्या पुऱ्या करतो, ही आता अशक्य गोष्ट राहिलेली नाही. परवाना हातात पडला की पुढचा प्रश्न येतो तो स्वतःच्या कॅनोपीचा, म्हणजे मुख्य छत्रीचा. हा लेख त्या प्रश्नापाशी उभ्या असलेल्यांसाठी आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. पहिली कॅनोपी वाईट दिवसाच्या मापानं घ्या. मैदान मोकळं आहे, वारा समोरून मंद येतोय, मन ताजं आहे, अशा दिवशी जवळपास कुठलीही कॅनोपी नीट उतरते. विमानातून बाहेर पडायला उशीर झाला, खाली वारा फिरला आणि ड्रॉप झोनवर, म्हणजे उतरायच्या ठरलेल्या मैदानावर, पोहोचणं शक्य नाही हे दीड हजार फुटांवर लक्षात आलं, की निवडीची खरी परीक्षा सुरू होते.

धोका नेमका कुठे

घरच्यांना काळजी असते ती छत्री उघडलीच नाही तर काय होईल याची. त्यासाठी पाठीवर दुसरी, राखीव छत्री असते. ठरावीक उंचीखालीही माणूस वेगानं पडत असेल तर ती आपोआप उघडणारं एएडी हे यंत्र असतं. पण गेल्या काही दशकांत गंभीर दुखापती आणि मृत्यू यांचा मोठा वाटा उतरण्याच्या वेळचा आहे, आणि तोही छत्री पूर्ण उघडलेली, नीट उडत असलेली असताना. अनेकदा कारण एकच असतं: जमिनीजवळ घेतलेलं तीव्र वळण.

आजची चौकोनी कॅनोपी हा खरं तर कापडी पंख आहे. डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ मध्ये ही रचना मांडली. पंखाच्या समोरच्या तोंडातून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. जुन्या गोल छत्रीखाली माणूस वारा नेईल तिकडे जात असे. या पंखाखाली तो ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगानं पुढे जात असतो. ब्रेकच्या दोन्ही मुठी, म्हणजे टॉगल, एकदम खाली ओढल्या की पंखाची मागची कड वाकते, वेग मोडतो आणि माणूस पायांवर उतरतो. यालाच फ्लेअर म्हणतात. एकच टॉगल जोरात ओढला तर पंख कलतो, नाक खाली घालतो आणि सूर मारतो. पंख पुन्हा सरळ व्हायला उंची लागते. पन्नास फुटांवर ती उंची शिल्लक नसते. पंख जितका लहान आणि त्यावर वजन जितकं जास्त, तितका हा सूर खोल आणि वेगवान. म्हणून नवख्यानं सगळ्यात आधी विचार करायचा तो आकाराचा.

मापाचा हिशेब

कॅनोपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजतात. तुमचं अंगावरच्या सगळ्या साहित्यासकट वजन पौंडांत घ्या आणि त्याला क्षेत्रफळानं भागा. येणाऱ्या आकड्याला विंग लोडिंग म्हणतात. पहिल्या परवान्याच्या टप्प्यावर हा आकडा १.० च्या वर जाऊ नये, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे.

एक उदाहरण करून पाहू. तुमचं वजन ७० किलो आहे. रिग, म्हणजे छत्र्यांसकट पाठीवरचा पूर्ण संच, हेल्मेट, कपडे, बूट मिळून आणखी १२ किलो धरा. एकूण ८२ किलो, म्हणजे सुमारे १८१ पौंड. २१० चौरस फुटांच्या कॅनोपीवर विंग लोडिंग ०.८६ येतं, १९० वर ०.९५, १७० वर १.०६ आणि १५० वर १.२१. तुमची पहिली कॅनोपी १९० किंवा २१० ची. १७० ची घेऊन पुढे मागे शिकून घेऊ, असं अनेकांना वाटतं. हिशेबात ती बसत नाही.

आपल्याकडे आया शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, पोर त्यात मावेल अशा बेतानं. नवखे स्कायडायव्हर याच्या उलट करतात: पुढे लहानच लागणार आहे, मग आत्ताच लहान घेऊ आणि दोनदा खर्च टाळू. गणवेश सैल झाला तर बाही दुमडता येते. कॅनोपी लहान झाली तर जमिनीपाशी दुमडायला काही नसतं.

हलक्या वजनाच्या मुला-मुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. समजा तुमचं वजन साहित्यासकट ६३ किलो, म्हणजे १३९ पौंड भरतं. १३५ चौरस फुटांवर विंग लोडिंग १.०३ येतं आणि वाटतं, जवळपास बसलंच की. पण लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असतात, आणि आखूड दोऱ्यांखाली माणूस झटकन झुलतो, वळण झटकन घेतलं जातं. आकडा तोच असला तरी १३५ ची कॅनोपी १९० च्या कॅनोपीपेक्षा कितीतरी चपळ असते. हलक्या माणसानं १.० चा आधार न घेता पहिल्या वेळी १५० च्या खाली उतरूच नये. १७० मिळाली तर अधिक चांगलं.

मोठ्या कॅनोपीविरुद्ध एक खरा आक्षेप आहे. वारा जोराचा असेल तर हलकं वजन लादलेली मोठी कॅनोपी पुढे सरकत नाही, कधी मागेही ढकलली जाते. यावर लहान कॅनोपी घेणं हा उपाय नाही. त्या दिवशी खाली थांबणं हा उपाय आहे. अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेनं शिकाऊ उमेदवारांसाठी चौकोनी कॅनोपीला वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर ठेवली आहे. परवाना मिळाल्यावरही पहिल्या शंभरेक उड्यांना ती स्वतःवर लावून घ्या.

विदर्भाचं ऊन हिशेबात धरा

परदेशी कोष्टकं बहुधा थंड, दाट हवेच्या मैदानांवर तयार झालेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो. गोंदिया परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. या उंचीवर आणि या तापमानात हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी विरळ असते. जानेवारीतल्या गार पहाटेच्या मानानंही ती दहा टक्के विरळ भरते. विरळ हवेत पंखाला तेवढाच आधार मिळवायला जास्त वेग घ्यावा लागतो. वरच्या उदाहरणातलं १९० चं ०.९५ हे विंग लोडिंग अशा दुपारी १.०८ सारखं वागतं. कागदावर तुम्ही नियमात आहात आणि जमीन मात्र जास्त वेगानं येतेय.

त्यात उन्हाळ्याच्या दुपारी वावटळी उठतात. जमिनीलगतच्या वावटळीत कुठलीही कॅनोपी कोलमडू शकते. मध्य भारतात आणि उत्तरेतल्या मैदानांवर उडी मारणाऱ्यांनी सकाळच्या उड्या घ्याव्यात आणि दोन मापांत मन अडकलं असेल तर मोठं माप घ्यावं.

बांधीत उतरायची वेळ आली तर

आता अर्जुनी मोरगावचं शिवार डोळ्यांपुढे आणा आणि इथेच उतरायचंय असं समजा. धानाच्या बांध्या लहान लहान, त्यांच्या कडेनं धुरे. रोवणीनंतर बांधीत पाणी आणि पायाला धरून ठेवणारा चिखल. कापणीनंतर खाली कडक ढेकळं, धसकटं आणि वाळून दगड झालेले धुरे. मध्येच बोडी, म्हणजे लहान तळं, तिच्या पाळीवर मोहाचं झाड, आणि वरून ओढलेली विजेची तार, जी हजार फुटांवरून दिसतच नाही. दिसतात ते फक्त खांब.

इथे उतरायचं तर खांबांच्या रांगेवरून तारेचा अंदाज घ्यायचा, सगळ्यात लांब बांधी हेरायची आणि धुऱ्याला समांतर, बांधीच्या लांबीत यायचं, मग वारा आडवा असला तरी चालेल. शेवटच्या क्षणी वाऱ्याकडे तोंड करायला वळायचं नाही. पंख सपाट ठेवायचा, पाय जोडून गुडघे किंचित वाकवायचे, पूर्ण फ्लेअर करायचा आणि अंग लोळवत पडायचं. मोठ्या, सौम्य कॅनोपीखाली या उतरण्यात गुडघे खरचटतात आणि कपडे चिखलात भरतात. वजनानं दाबलेल्या लहान कॅनोपीखाली घोटा मोडतो, कधी मणका.

कॅनोपी निवडताना हेच चित्र समोर ठेवायचं. नारनौलच्या धावपट्टीलगत काय, परदेशातल्या ड्रॉप झोनच्या कुंपणाबाहेर काय, शेत हे शेतच असतं.

आकार, कप्पे आणि कापड

माप ठरलं की प्रकार बघा. नऊ कप्प्यांची कॅनोपी लांबवर तरंगते, फ्लेअर लांब आणि सावकाश मिळतो. मैदानापासून दूर उघडली तरी परत पोहोचायची शक्यता जास्त. सात कप्प्यांची कॅनोपी अधिक उभी उतरते, उघडताना शांत असते, पण फ्लेअरची वेळ अचूक साधावी लागते. बहुतेक नवख्यांना नऊ कप्प्यांची, कडा किंचितच निमुळत्या असलेली कॅनोपी सोयीची पडते. परफॉर्मन्स डिझाइन्स कंपनीची सेबर-२ किंवा पल्स, एरोडाइनची पायलट, आयकॅरसची सफायर ही या वर्गातली परिचित नावं. सात कप्प्यांत परफॉर्मन्स डिझाइन्सची स्पेक्टर आहे. मात्र नाव योग्य म्हणून माप आपोआप योग्य ठरत नाही. पायलट १५० ही ८२ किलोच्या नवख्यासाठी चुकीचीच.

पूर्ण लंबगोल आकाराच्या कॅनोपीपासून लांब राहा. स्टिलेटोसारख्या जुन्या लंबगोल कॅनोप्या वापरलेल्या बाजारात स्वस्तात दिसतात आणि मोह होतो. पट्ट्यांवर अंग जरा कललं तरी अशी कॅनोपी वळते. उघडताना दोऱ्यांना पीळ बसला तर ती गरगर फिरायला लागते आणि विचार करायला वेळ देत नाही.

कापड दोन जातींचं मिळेल. झेडपी, म्हणजे हवा आरपार न जाऊ देणारं कापड, निसरडं असतं, घडी घालताना हातातून निसटतं, पण हजाराहून जास्त उड्या टिकतं. एफ-१११ जातीचं कापड मऊ, घडीला सोपं, पण काही शे उड्यांनंतर त्यातून हवा झिरपू लागते आणि फ्लेअरमध्ये जीव राहत नाही. मुख्य कॅनोपी झेडपीचीच घ्या. घडी घालायला वेळ लागेल, तेवढा वेळ द्या.

वापरलेली घेताना

नवा पूर्ण संच घ्यायचा तर कित्येक लाख रुपये लागतात. वापरलेली कॅनोपी घेण्यात काही गैर नाही. पहिली कॅनोपी दोन-तीन वर्षांत बदलायचीच असते. पण ती तपासून घ्या.

उत्पादनाची तारीख कॅनोपीवरच्या पट्टीवर छापलेली असते, ती स्वतः वाचा. किती उड्या झाल्या, दोऱ्या शेवटच्या कधी बदलल्या, कुठे ठिगळ आहे का, समुद्रात किंवा खाऱ्या पाण्यात पडली होती का, हे लेखी विचारा. मग कॅनोपी स्वच्छ जागी पसरून दोऱ्या ताणा. स्पेक्ट्रा जातीच्या दोऱ्या असतील तर बाहेरच्या दोऱ्यांकडे आधी बघा. उघडताना स्लायडरची, म्हणजे उघडण्याचा वेग आवरणाऱ्या चौकोनी कापडाची, कडी त्यांवरून घासत खाली येते, घर्षणाच्या उष्णतेनं दोरी आकसते. आतल्या दोऱ्या तेवढ्या आकसत नाहीत. सगळ्या दोऱ्या एका मुठीत धरून ताणल्या की बाहेरच्या आखूड झालेल्या लक्षात येतात. मग पंख डिझाइनप्रमाणे उडत नाही, उघडताना हिसका देतो, एका बाजूला ओढतो. ब्रेकची दोरी रायझरवरच्या, म्हणजे दोऱ्यांना कंटेनरशी जोडणाऱ्या पट्टीवरच्या, कडीतून जिथे सरकते तिथे बोट फिरवा. तंतू उसवून लव आली असेल तर ती बदलायला झालीय. व्हेक्ट्रनची दोरी आकसत नाही, पण झिजते आणि फारशी पूर्वसूचना न देता तुटू शकते, म्हणून तिचं वय महत्त्वाचं.

नव्या दोऱ्यांचा खर्च किमतीत धरून मगच भाव ठरवा. आणि पैसे देण्याआधी कॅनोपी परवानाधारक रिगरकडून, म्हणजे छत्र्यांची तपासणी-दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाकडून, तपासून घ्या. तो रिगर विकणाऱ्याचा मित्र नसावा. तपासणीला नकार देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

राखीव छत्री, कंटेनर आणि खरेदीचा क्रम

राखीव छत्री लहान घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण मग पाठीवरचा कंटेनर सुबक दिसतो. ती छत्री तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी उघडणार आहे, कदाचित तुम्ही शुद्धीवर नसताना. तिचं माप मुख्य कॅनोपीच्या जवळपास ठेवा आणि तिच्यावर छापलेली वजनाची कमाल मर्यादा पाहा.

कंटेनर ठरावीक मापाच्या कॅनोप्यांसाठीच शिवलेला असतो. त्यात एखादं माप वर किंवा खाली बसतं, त्याहून जास्त नाही. पुढे १५० घेईन म्हणून आत्ताच १५० चा कंटेनर घेतला की १९० त्यात मावत नाही, आणि मग माणूस कंटेनरच्या हट्टापायी कॅनोपी लहान करतो. आधी कॅनोपीचं माप, मग राखीव छत्री, मग कंटेनर, हा क्रम मोडू नका. एएडी जुनं घेत असाल तर त्याची मुदत किती उरलीय ते बघा.

खरं तर परवाना मिळाल्याबरोबर कॅनोपी घ्यायची घाई नाही. हेल्मेट, उंचीमापक आणि अंगाला बसणारा सूट आधी घ्या. रिग ड्रॉप झोनवर भाड्यानं मिळते, आणि त्या काळात २१०, १९० अशी वेगवेगळी मापं वापरून बघता येतात. काही कंपन्या चाचणीसाठीही कॅनोपी देतात. परदेशात शिकायला गेलात तर तिथेच हे करून घ्या. भारतात केंद्र सरकारनं २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं आणि पॅराशूटिंगसह सगळ्या हवाई खेळांसाठी एअर स्पोर्ट्स फेडरेशन ऑफ इंडिया ही शिखर संस्था ठरवली. तुम्ही जिथे उडी मारणार तिथे स्वतःचं साहित्य चालतं का, रिगर आहे का, राखीव छत्रीची घडी किती दिवसांनी बदलावी लागते, हे आधी विचारून ठेवा.

सराव किती आणि लहान माप कधी

आपल्याकडच्या स्कायडायव्हरची मोठी अडचण म्हणजे खंड. गोंदियाहून नारनौल जवळ नाही, सुट्टी आणि पैसे दोन्ही मोजके. तीन महिने उडी होत नाही आणि हाताची सवय मोडते. अमेरिकी संघटनेच्या शिफारशीनुसार पहिल्या परवान्याच्या माणसानं साठ दिवस उडी मारली नसेल तर प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी. वर्षात वीस उड्या होणाऱ्याची प्रगती वर्षात दोनशे उड्या होणाऱ्यासारखी होत नाही. म्हणून आपल्या मुलांना मोठ्या मापाची गरज जास्त आहे आणि जास्त काळ आहे.

नवी कॅनोपी मिळाल्यावर पहिल्या काही उड्यांत विमानातून बाहेर पडताच, उंचावरच ती उघडा. वर भरपूर उंची असताना टॉगल कुठवर ओढल्यावर पंख ढेपाळतो ते शोधा. मागच्या रायझरनं वळून, फ्लेअर करून बघा. टॉगल पूर्ण वर असताना मागची कड ओढली जात असेल तर ब्रेकची दोरी आखूड आहे, खाली आल्यावर रिगरला सांगा.

माप कमी करायचा विचार येईल तेव्हा आधी सध्याच्या कॅनोपीवर हे सगळं जमतं का ते तपासा: पन्नास फुटांवर कमीत कमी उंची गमावून सपाट वळण, फ्लेअर करतानाच थोडी दिशा बदलणं, आडव्या वाऱ्यात आणि वारा नसताना पायांवर उतरणं, ठरवलेल्या खुणेपासून दहा मीटरांच्या आत पुनःपुन्हा उतरणं, हलक्या चढावर आणि उतारावर उतरणं, मागच्या रायझरनं उतरणं. बिल व्हॉन नोव्हॅक या स्कायडायव्हरनं मांडलेल्या या धर्तीच्या यादीवर जगभरचे प्रशिक्षक भर देतात. यातलं एकही जमत नसेल तर माप कमी करायचं नाही. सगळं जमलं तरी एका वेळी एकच पायरी उतरायची, १९० वरून १७० आणि तेही प्रशिक्षकाशी बोलून.

ड्रॉप झोनवर कोणीतरी म्हणेलच, एवढी मोठी कॅनोपी कशाला, तुला जमेल की लहान. त्याच्याशी वाद घालू नका. तुमचं वजन, कॅनोपीचं माप, विंग लोडिंगचा आकडा आणि गेल्या वर्षभरातल्या उड्या एका कागदावर लिहून तुमच्या प्रशिक्षकापुढे ठेवा आणि विचारा: वारा फिरला आणि मला अनोळखी शेतात उतरावं लागलं, तर या कॅनोपीखाली मी चालत परत येईन का? त्यांनी बेधडक हो म्हटलं तर घ्या. क्षणभर जरी ते घुटमळले, तरी एक माप मोठं घ्या.